गुणाजीचा पायगुण

गुणाजीने बायकोची नथ लपवली ती चोरांच्या भीतीने, आणि हरवली ती स्वतःच्या अकलेने.

निडी गावात हूल उठली होती की चोर आता कणगीतलं भात उपसून दागिने शोधतात. सरूची नथ कणगीतच, भाताच्या तळाशी होती. गुणाजीने ती गुपचूप काढली, पडवीत हाताला लागलेल्या एका पत्र्याच्या डबीत घातली आणि शेतात पुरून टाकली. सरूला मात्र सांगितलं नाही. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं त्याचं ठाम मत होतं, आणि हे मत त्याने अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं. त्याच सुमारास सरू आणि तिची धाकटी जाऊ हौसा यांच्यात अबोला सुरू झाला. बायकांच्या भांडणात पुरुषाने पडू नये म्हणून गुणाजीने त्याचं कारणही विचारलं नाही.

जागा त्याने फार हुशारीने निवडली होती. शेताच्या कोपऱ्यात आदल्या दिवशी पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरलेलं मडकं उपडं घालून भोवती जाळ केला की खाली जमिनीवर काळा गोल डाग उरतो. त्या डागाच्या मधोमध डबी पुरली. डाग काय चालत जातो थोडाच!

डाग चालत गेला नाही, पण त्याला भावंडं झाली. थंडीचे दिवस, शेंगा भरलेल्या. आठवड्याभरात गावातल्या पोरांनी आणि मुंबईहून आलेल्या जावयांनी त्याच कोपऱ्यात पोपटीवर पोपटी लावली. गुणाजी बघायला गेला तर शेताला देवी आल्यासारखे डागच डाग!

आणि लग्न परवावर आलं होतं. पेणला सरूच्या बहिणीच्या, पुतळीच्या, मुलाचं लग्न. सरूने लुगडं काढून ठेवलं होतं. आता ती नथीसाठी कणगीत हात घालणार, आणि बिननथीचं लग्नाला जायची पाळी आली तर ती आपल्याला जन्मभर ऐकवणार, हे गुणाजीला दिसू लागलं.

तो रोह्याला एका कंपनीत कामाला होता. शिफ्ट सुटल्यावर तडक पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात पोपट भंगारवाल्याकडे गेला. पोपटकडे धातू शोधायचं यंत्र होतं. लांब दांडा, टोकाला थाळी.

"नीट बग," पोपट म्हणाला. "थाळी आदी आडवी फिरव. जितं जोरात वाजल तितं रेघ मार. मग उबी, आपल्याकडं वडीत आण. परत वाजल तितं दुसरी रेघ. दोनी रेघा जितं एकमेकींना कापतील, बरोबर तितंच माल. इंच हालायचा नाय."

दुकान लोखंडाने भरलेलं, त्यामुळे यंत्र सारखंच कोकलत होतं. शिकवणी फार छान झाली असं दोघांनाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी शेतात उभा राहिला. पायात कंपनीचे बूट. पंजावर आतून लोखंडी टोपी, वर पिंप पडलं तरी बोटं शाबूत. हे बूट तो बाजारात, जत्रेत, बारशाला, सगळीकडे घाली. सरूला त्याने आज्याने पुरलेला हंडा शोधतोय असं सांगितलं होतं. ती वालाची काळजी करत बांधावर बसली होती.

थाळी आडवी फिरवली. थोडं वाजलं. मग उभी, आपल्याकडे ओढत आणली, तशी थाळी बुटांजवळ येताच यंत्राने बोंब ठोकली. गुणाजीने हरखून कुदळ मारली. खाली दगड. दोन पावलं सरकला, पुन्हा ओढलं, पुन्हा बोंब, पुन्हा दगड. कुठेही उभा राहिला तरी माल बरोबर त्याच्या पायांपुढे! खड्डे वाढत वाढत वालात शिरले.

शेजारचा केरू डोळे फाडून बघत होता. "गुणाजी, तू जितं उबा रातोस तितं जमीन वाजते रं! ह्यो तुजा पायगुण हाय. माज्या शेतात येऊन निसता उबा रा. सासऱ्यानं दिलेली परात गायब हाय."

एरवी गुणाजी या कौतुकाने फुगला असता. आज त्याला रडू येत होतं.

सरूचा संयम वालाच्या पाचव्या वेलाबरोबर उपटला गेला. "राकनदाराला नारळ दिलाव? नाय ना? मंग काय गावनार!" ती तरातरा घरी जाऊन नारळ घेऊन आली. गुणाजी बांधावरच्या राखणदार देवाच्या दगडापुढे उभा राहिला तशी ती पुन्हा खेकसली, "अवो, बूट काडा! देवापुडं बूट घालतांव?"

गुणाजीने बूट काढले, नारळ फोडला, हात जोडले आणि तसाच अनवाणी यंत्र उचलून डागाकडे गेला. यंत्र गप्प. थाळी पार पायांपर्यंत ओढली तरी गप्प.

"पायगुण सरला," केरू हळहळला.

गुणाजी एकेका डागावर थाळी फिरवत गेला. गप्प. गप्प. शेवटी बाभळीजवळच्या डागावर यंत्र वाजलं. आडवी रेघ मारली, उभी मारली, आणि दोन्ही कापतात तिथे कुदळ घातली. वीतभर खाली पत्र्याची डबी! गुणाजीने ती छातीशी धरली. चोर, कणगी, तुझीच काळजी, असा सगळा खुलासा त्याने रात्रभर घोकून ठेवला होता.

पण सरूने डबी ओढून घेतली, उघडली, आत नथ बघितली, आणि नथीचं नावच काढलं नाही.

"ही माजी मशेरीची डबी!"

डबीबद्दल गुणाजीने काहीच घोकलं नव्हतं.

"आतली मशेरी कुटं हाय?"

"केरात टाकली."

"मी हौसाला चोर म्हटलं," सरू म्हणाली. "पानवट्यावर, समद्या बायकांपुडं. डबी तूच चोरलीस म्हटलं."

ती डबी घेऊन घराकडे निघाली. अंगणात हौसा शेंगा सोलत होती. सरूने डबी तिच्या ओटीत ठेवली आणि तिच्यासमोर मटकन बसली. "हौसा, माजं चुकलं गो. डबी आमच्या ह्यांनी नेल्ती. आत नथ हाय. लग्नात ती तू घाल." हौसा आधी रडली, मग डबी उघडून बघितली, मग आणखी रडली. गुणाजी दारात अनवाणी उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही.

पेणच्या लग्नात नथ हौसाच्या नाकात झळकली. ज्या बिननथीच्या नाकाच्या धास्तीने गुणाजीने अख्खं शेत उकरलं, तेच नाक घेऊन सरू मांडवात हौसाच्या हातात हात घालून फिरत होती, आणि कोणी नथीचं विचारलं की चोर, डबी, बूट, नारळ, सगळं पहिल्यापासून सांगत होती. जेवणाची पंगत बसेपर्यंत वऱ्हाडातली पोरंही गुणाजीच्या बुटांकडे बोट दाखवून हसू लागली.

बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे गुणाजीचं मत अखेर खरं ठरलं. फक्त या वेळी ते सांगायला त्याला कोणी मिळालं नाही.