चोविसावा नट

नट बोटानं फिरला. पाना लावावाच लागला नाही.

रेघबाई उतारावर उताणी पडली होती. तिच्या नाकाच्या हातभर वर सिस्टरच्या घराची फळ्यांची जमीन होती. त्या फळ्यांवरून चपला फटफटत गेल्या, तेवढ्यानं खांब कुरकुरला.

"काय गं, उंदीर सापडला का?" वरून सिस्टर ओरडल्या.

"बघतेय. सिस्टर, तुम्ही जरा एका जागी बसा ना!"

"बत्तीस वर्षं वॉर्डात एका पायावर उभी होते. आता माझ्या घरात तरी फिरू दे की!"

रेघबाई हे ऑफिसनं पाडलेलं नाव. सत्तावीस वर्षं ती आर्किटेक्ट साहेबांच्या कल्पनांना रेघा पुरवत आली होती. साहेब कागदावर ढग काढायचे, ती त्याचं घर करायची. संगणक आले, तरी गिऱ्हाइकाला दाखवायचा नकाशा तिच्याच हातचा लागे. तो म्हणे 'जिवंत' वाटतो. सही साहेबांची.

हे घरही तसंच. एक खोली, वर माळा, डोंगराच्या उतारावर सहा खांबांवर उभं. सिमेंट नावापुरतं, लाकूड त्याच उतारावरचं. मासिकात फोटो आला, खाली छापलं होतं, 'डोंगराला न दुखवणारं घर'. डोंगर दुखावला नाही, हे खरं. आत राहणाऱ्या बाईचं कुणी विचारलं नाही.

लाकूड ओलं होतं. पाडलेलं झाड निदान वर्षभर सुकू द्यावं लागतं. पण फोटोवाल्याची तारीख ठरली होती, आणि झाडाला कुठली तारीख कळायला? ओलं लाकूड सुकताना आकसतं, नट सैल पडतात. यात कसलं गुपित नाही, रंधा धरणारा कुणीही सांगेल. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात तिनं टीप लिहिली होती : 'वर्षभरानं सर्व चोवीस नट पुन्हा आवळावेत.'

"बाई, ही काय औषधाची चिठ्ठी आहे?" साहेब म्हणाले होते. "म्हातारीला घर देतोय का दुखणं? काढा ते. कागद कसा स्वच्छ दिसला पाहिजे."

तिनं खोडलं. रबराचा भुगाही स्वतःच फुंकला. त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं शहरात कुठं खिडकी वाऱ्यानं आपटली की तिला हे घर आठवायचं. गेल्या आठवड्यात सिस्टरचा ऑफिसात फोन आला, दार लागत नाही म्हणून. "लाकूड आहे, श्वास घेतं," असं सांगून साहेबांनी हसत फोन ठेवला. रविवारी पहाटेची बस धरून ती इथं आली. कुणाला सांगितलं नाही. सिस्टरनाही खाली उंदीर बघते, एवढंच म्हणाली. पर्समध्ये दिराचा पाना होता.

तेवीस नट आवळून झाले. प्रत्येकाला दोन-अडीच वेढे बसले. चोविसावा दरीकडच्या खांबाचा. तिनं पाना लावला, एक वेढा दिला आणि लाकडातून 'कट्' असा आवाज आला.

खांबाला उभी भेग होती. तिनं नख घातलं, ते गेलं. मग बोट गेलं. ती सरपटत पलीकडे गेली. पलीकडेही तीच भेग. दोन वर्षं सैल सांधा वाऱ्याबरोबर हलत राहिला होता आणि बोल्टनं खांब पाचरीसारखा फोडला होता. आता हा नट कितीही आवळा, उपयोग शून्य.

तिनं साहेबांना फोन लावला.

"साहेब, दरीकडचा खांब चिरलाय."

"तुम्ही तिथं काय करताय?" मग जरा थांबून, "भेगा लाकडाला असतातच, बाई."

"आरपार आहे. दुपारनंतर इथं वारा सुटतो."

"उद्या माणूस पाठवतो. तोवर तोंड उघडायचं नाही. आणि उघडलंत, तर मी म्हणेन, टीप घालायला बाई विसरल्या. रेघा तुमच्या आहेत ना?"

एकावन्नाव्या वर्षी हातानं नकाशे काढणाऱ्या बाईला दुसरीकडे कोण दारात उभं करणार? खाली झाडांचे शेंडे हलायला लागले होते.

ती वर गेली. "सिस्टर, जमिनीला तेलपाणी करायचंय. वास येईल. दोन दिवस खाली भावाकडे राहता?"

सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं. "हात का कापतायत तुझे?"

"गार आहे."

"ऊन पडलंय, बाई! डॉक्टर खोटं बोलायचे ना, तेव्हा असेच खिडकीबाहेर बघायचे. किती दिवस आहेत, ते सांग."

"दिवस नाहीत. खांब चिरलाय. आत्ता निघा."

सिस्टर उठल्या. औषधांचा डबा, शाल, भिंतीवरचं घड्याळ. एवढंच घेतलं. बाहेर पडून सवयीनं दार ओढलं. तेवीस नट आवळल्यानं आता ते अलगद लागलं. दोघी त्या दाराकडे बघत राहिल्या.

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो. लिहिलं होतं. मग खोडलं."

"कुणी सांगितलं म्हणून?"

साहेबांचं नाव जिभेवर आलं होतं. "खोडलं मी," ती म्हणाली.

सिस्टर दहा-पंधरा हात दूर जाऊन एका दगडावर बसल्या, घड्याळ मांडीवर घेऊन. मग म्हणाल्या, "लिही मग आता."

"कुठं?"

"दारावर. पेशंटचा तक्ता खाटेला लटकवतात. साहेबाच्या खणात नाही."

तिनं पेन्सिल काढली. 'आत जाऊ नये. दरीकडचा खांब आरपार चिरला आहे. नट वर्षभरानं आवळायचे होते.' खाली तिनं आपलं पूर्ण नाव लिहायला घेतलं. ऑफिसात ते कुणाला आठवतही नसेल.

वारा आला. घर पायापासून कण्हलं. हाताखालचं दार हललं आणि सत्तावीस वर्षं छापल्यासारखं येणारं अक्षर शेवटाला वाकडं गेलं.

पर्समध्ये रबर होतं. ते तिनं काढलं नाही.