दिराने बसवलेला पंखा

बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवायच्या खोलीत बारा जणी बसत. त्यांतली सर्वांत जुनी वहिनी. तशी ती एकाच माणसाची वहिनी, कारखान्यातल्या फिटरची. पण तो येता-जाता तशी हाक मारायचा, म्हणून मालकापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचीच वहिनी झाली.

तळ चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने दुपारपर्यंत डोकं जड व्हायचं. एके दिवशी तिच्या शेजारची, जिला सगळ्या बडबडी म्हणत, बोलता बोलता गप्प झाली आणि टेबलावरच कोसळली. तिला दवाखान्यात हलवावं लागलं. मालक हादरला. आठवड्याच्या आत वर, छताला लागून, भिंतीत हवा बाहेर ओढणारा भला मोठा पंखा बसला. तो दिरानेच बसवला. त्या रात्री जेवताना तो पंख्याबद्दल असा बोलत होता, जणू घरात पहिलं मूल जन्मलंय.

पण पंधरा दिवस झाले तरी डोकं काही हलकं होईना. वहिनीच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. पंखा सुरू असला की खोलीचं दार उघडायला दोन्ही हात लावावे लागत, आणि सोडलं की ते धाडकन आपटे.

"भावोजी, पंख्यात काहीतरी गडबड आहे," ती घरी म्हणाली.

"मोटर नवी आहे, पाती नवी आहेत. तुम्ही तळ चिकटवा, वहिनी, पंख्याचं मी बघतो."

"दुखतंय ते माझं डोकं. मग बघायचं कुणी?"

दीर ताटावरून उठला. दोन दिवस त्याने तिच्याशी अबोला धरला. नवरा म्हणाला, "तुमच्या दोघांच्या वाऱ्यात मला ओढू नका."

तिसऱ्या दिवशी तिने बुटांच्या खोक्यातला पातळ कागद घेतला, त्याच्या बोटभर पट्ट्या कापल्या आणि दोऱ्याने प्रत्येकीच्या टेबलावर टांगल्या. एकही पट्टी हलेना. मग तिने दिराला बोलावलं. तो आला, पण तोंड फुगवूनच.

"आता बघा हं," म्हणत तिने अंग टाकून दार बाहेर ढकललं आणि धरून ठेवलं. बाराच्या बारा पट्ट्या फडफडल्या. दार सोडलं, सगळ्या लुळ्या पडल्या.

दीर खिडक्यांकडे गेला. धूळ बसली की तळ धरत नाही, म्हणून त्या वर्षांपूर्वीच पट्टी लावून बंद केल्या होत्या. त्याने डोक्याला हात लावला. "हवा आत यायला वाटच नाही. पंखा बिचारा ओढणार काय?"

"आणि दार उघडलं तरी वास नाकासमोरूनच वर जातो," वहिनी म्हणाली. "तो टेबलावरच धरता येणार नाही का?"

तो बराच वेळ तिच्या खुर्चीत बसून राहिला. उठला तेव्हा वासाने चुरचुरणारे डोळे चोळत होता.

मालक सहजासहजी ऐकेना. "तपासणीवाल्यांनी पंखा पास केलाय. आता त्याचं काय?"

"त्यांनी पंखा फिरतो का एवढंच बघितलं, साहेब," दीर म्हणाला. "बसवताना चूक माझी झाली. वहिनींनी दाखवली तेव्हा कळली."

इतक्या वर्षांत त्याने घरात मिठाचा डबा सांडला तरी कबूल केलं नव्हतं. वहिनीने मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून.

शेवटी मालक राजी झाला. काम तीन आठवडे चाललं. दाराजवळच्या भिंतीत जाळी आणि धूळ अडवणारा जाड कापडी पडदा बसवून हवेला वाट केली. टेबलांच्या मागच्या काठाला लांब चीर असलेली पत्र्याची नळी लावली आणि ती पंख्याला जोडली. सोल्युशनचा डबा उघडला की वास बायकांकडे येण्याऐवजी त्या चिरेत शिरू लागला. तळही पूर्वीसारखेच घट्ट बसत राहिले. बाकीच्यांना डबे झाकून ठेवायची सवय मात्र वहिनीला ओरडून ओरडून लावावी लागली.

बडबडी दोन महिन्यांनी परतली. पहिल्या दिवशी ती भीत भीत बसली, दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावून बघत होती. संध्याकाळी घंटा झाली तरी तिचं बोलणं चालूच होतं.

आता तक्रार एकच उरली. जाळीसमोर बसणारीला थंडी वाजते, म्हणून तिथे कुणी बसायला तयार नाही. शेवटी पाळ्या लावल्या. या आठवड्यात वहिनीची पाळी आहे, ती शाल पांघरून बसते आणि दिराला सांगते, "भावोजी, जरा कमी वारा आणता येईल का हो?"