भिंतीपलीकडची ताई

नगररचना खात्यात त्यानं चौतीस वर्षं रस्ते आखले. ऑफिसात सगळे त्याला 'फूटपट्टी' म्हणत. सुरुवातीच्या त्याच्या गल्ल्या एकमेकींना मिळायच्या. माणूस कुठूनही शिरला तरी कुठेतरी निघायचा. पुढे शहर शेतांमध्ये पसरलं आणि साहेब म्हणाले, "लोकांना परक्यांची वर्दळ नको असते. गल्ली आत न्या आणि तिथंच बंद करा." त्यानं मुकाट्यानं बंद केल्या.

बायको गेल्यावर त्यानं अशाच एका वसाहतीत घर घेतलं, कारण मागच्या भिंतीपलीकडे थोरली बहीण एकटी राहत होती. "अगदी भिंतीला भिंत," दलाल म्हणाला होता. खोटं नव्हतं. मधे वीस पावलं. रस्त्यानं मात्र हमरस्त्याला वळसा घालून साडेपाच किलोमीटर.

पहिल्या आठवड्यात तो हौसेनं चालत गेला. दीड तास लागला. ताईनं पाणी दिलं आणि फैलावर घेतलं, "वेड लागलंय का तुला? या वयात ट्रकांच्या अंगावर जातोस!"

मग दुपारी भिंतीशी उभं राहून बोलायचं ठरलं. तिला कमी ऐकू यायचं.

"जेवलीस का?"

"नाही रे, ताप कशाला येईल!"

भिंतीत छोटं दार करावं म्हणून त्यानं सोसायटीकडे अर्ज दिला. सेक्रेटरी हसला, "काका, दार केलं तर चोरसुद्धा ताईंनाच भेटायला येतील." बैठक हसली. तोही हसला.

एका दुपारी ताई भिंतीशी आलीच नाही. त्यानं फोन लावला. घंटी पलीकडे वाजताना त्याला स्पष्ट ऐकू येत होती. उचलत कुणी नव्हतं. तो स्टुलावर चढला. भिंतीवर काचा रोवलेल्या. अंगणात ताई आडवी पडली होती, डोळे उघडे. "आलोच ताई, आलोच!" ओरडत तो फाटकाकडे धावला. रिक्षा मिळून पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर ती तशीच पडून होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. भाचा येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेला.

आता ती रविवारी फोन करते. परवा म्हणाली, "आता खरंच लांब आहोत ना, तर मनाला पटतं तरी."

तिच्या घरात भाडेकरू आलेत. त्यांचा कुकर, त्यांची भांडणं, सगळं त्याला ऐकू येतं. ते दिसतात कसे, हे त्याला अजून माहीत नाही.