उंदरांची डॉक्टर

वडील गेले तेव्हा सौंदर्या चार वर्षांची होती. आई तिला घेऊन हुपरीला भावाच्या घरी आली आणि पुढं दोन वर्षांत तीही गेली. शिवमूर्तीमामा आणि शांतव्वामामी यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी भाचीला असं वाढवलं, की शाळेतल्या बाईंना ती कितीतरी दिवस त्यांचीच मुलगी वाटायची. मामा चांदीचे पैंजण करायचे. त्यांचा आवाज एवढा मोठा, की घरात साधं पाणी मागितलं तरी गल्लीच्या टोकाला कळायचं.

पंच्याण्णव साली सौंदर्या संशोधनासाठी बंगलोरला गेली. पहिल्यांदा सुट्टीला आली तेव्हा मामांनी तिला समोर बसवून विचारलं, "नेमकं करतीस काय तू तिथं?"

तिनं सांगितलं. मज्जारज्जूत काही पेशी असतात, त्या हातापायांना हलायचा हुकूम देतात. काही विषांनी त्याच पेशी मरतात. लाखोळीची डाळ महिनोन्‌महिने खाल्ली तर माणसाचे पाय आखडतात, ते त्यामुळंच. आणि मोटर न्यूरॉन डिसीज नावाचा एक आजार असा आहे, की विष कुठं सापडत नाही, तरी त्या पेशी मरतच जातात. आधी हात, मग पाय, मग गिळणं, शेवटी श्वास. विषानं पेशी कशी मरते ते नीट कळलं तर त्या आजाराचंही काही कळेल, म्हणून ही धडपड.

"माणसांवर करतीस?"

"न्हाय हो मामा, उंदरांवर."

"आणि त्या पेशी दिसत्यात कशा?"

"मज्जारज्जूचा पातळ काप काढायचा आणि चांदीच्या पाण्यात ठेवायचा. पेशींवर चांदी चढली की त्या उठून दिसतात."

मामांनी मांडीवर थाप मारून मामींना हाक दिली. "ऐकलंस का गं? पोरगी बंगलोरला जाऊन बी चांदीचंच काम कराय लागल्या!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला खबर होती, की आमची सौंदर्या उंदरांची डॉक्टर हाय. संध्याकाळी शेजारच्या बायडाबाई आल्या आणि माळ्यावर उंदीर फार झालेत, काही जालीम औषध दे म्हणाल्या.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मामींचा फोन आला. "मामांचा उजवा हात मनगटातनं लोंबतोय बघ. डावा बी ढिला वाटतोय. कोल्हापूरला दाखवून आलो. डॉक्टर मोटर काय तरी म्हणत्यात. तू त्येच्यावरच शिकतीस न्हवं?"

सौंदर्यानं फोन ठेवला. तिच्या संस्थेच्या दवाखान्यात येणारे त्या आजाराचे रुग्ण तिनं आठ वर्षं पाहिले होते. पुढं काय काय होत जातं ते तिला पाठ होतं, आणि सुधारलेला माणूस तिनं एकही पाहिला नव्हता. मोठी रजा टाकून ती हुपरीला आली. कागदावर डॉक्टरांनी 'बहुधा मोटर न्यूरॉन डिसीज, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू' असं लिहिलं होतं. तिच्या डोळ्यांना 'बहुधा' दिसलंच नाही.

सकाळी मामा पूजेला बसले. कपाळाला विभूती लावायला तीन बोटं सरळ होईनात, म्हणून मामींनीच ती ओढली. मामा हसून म्हणाले, "लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा माझं तोंड हिनं एवढ्या जवळनं बघितलं." मग भाचीकडं वळून त्यांनी सरळच विचारलं, "पुढं काय हुतंय? तू शिकलीयास. सांग."

सौंदर्यानं पाण्याचा तांब्या उचलला. "आधी चार घास खावा," ती कशीबशी म्हणाली.

"खाण्याचं नाव काढू नगं. पोटात अशा कळा येत्यात, की वळून पडाय हुतंय."

"कधीपासून?"

"गणपतीपास्नं," मामी म्हणाल्या. "गॅस हाय म्हणून सोडा पीत बसत्यात. मी सांगून दमलो."

सौंदर्यानं तांब्या खाली ठेवला. त्या आजारात हात जातात, पाय जातात, पण पोटात कळा येत नाहीत. रात्रभर ती जे रडत होती ते मामांसाठी, हे खरं. पण तिनं मामांकडं नीट बघितलंच नव्हतं. त्यांच्या जागी तिला आठ वर्षांतले सगळे रुग्ण दिसत होते.

"मामा, हल्ली काम काय करता?"

"पैंजण. दुसरं काय?"

"तेवढंच?"

"मशीनचा माल आल्यापास्नं हाताचं काम कमी झालं. मग सगळ्यांच्या दुकानातला केर घेतो, त्यात चांदीचा कीस असतोय, आणि घरामागच्या भट्टीवर आटवतो. शिसं घालायचं. सगळा कचरा शिसं धरतंय, चांदी तेवढी मागं ऱ्हाती."

"आणि शिशाचं काय होतं?"

"जळून जातंय की."

"जळून कुठं जातंय, मामा?"

मामांनी वर हात करायचा प्रयत्न केला. मनगट उठलं नाही. "जातंय वर. धुरात."

"उन्हात चला. तोंड उघडा."

हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. अंगात शिसं भिनल्याची खूण.

रक्ताचा नमुना बंगलोरला गेला. शिसं चालतं त्याच्या कैक पट निघालं. सौंदर्यानं कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मी विचारलं होतं हो, काम काय करता. पैंजण करतो म्हणाले." मग त्यांचाच आवाज उजळला. "अहो, पण हे तर बरं होण्यातलं आहे!"

सौंदर्यानं घरात येऊन मामींना मिठी मारली. दोघी रडल्या, हसल्या. मामा मात्र घुश्शात. "म्हंजे माझ्या भट्टीनं मला मारलं म्हणतीस? एवढी वर्षं काय झालं न्हाय ते?"

"एवढी वर्षं कधीतरी पेटवत होता. आता रोज पेटवता. आणि मी ल्हान असताना जवळ आले की हाकलत होता मला. धुरात बसू नगंस म्हणून."

"तू ल्हान होतीस."

"आणि तुम्ही कोण होता?"

मामा उठून निघून गेले. औषध घेतो म्हणाले, पण भट्टी बंद करायचं नाव काढलं की पाठ फिरवायचे. मग सौंदर्यानं मामींचंही रक्त पाठवलं. त्यातही शिसं निघालं, मामांपेक्षा कमी, पण निघालं. तो कागद तिनं वाचून दाखवला. मामा उठले आणि मागच्या दारी गेले. ढिल्या डाव्या हाताची पकड टिकेना, म्हणून पहार काखेत धरून त्यांनी भट्टी फोडायला घेतली. मामी धावल्या, "अवो, ऱ्हाऊ द्या, गडी लावू," म्हणाल्या. "गप बस," मामा ओरडले, "लांब हो, धूळ उडाल्या!"

हात एका दिवसात आला नाही. आधी कळा थांबल्या, मग बोटं हलली. पावसाळा सरता सरता मनगट थोडं वर आलं आणि संक्रांतीला मामांनी भाकरी स्वतः मोडून खाल्ली. बारीक जोडकाम मात्र परत जमलं नाही. ते मामींनी शिकून घेतलं, आणि मामा शेजारी बसून चुका काढू लागले.

सौंदर्या उंदरांकडं परतली. संस्थेत नवा रुग्ण आला, की ती आता आधी विचारायची, "काम काय करता? आणि मागच्या दारी?" बहुतेकांच्या मागच्या दारी काहीच नसायचं, आजार तोच असायचा. त्यांच्याजवळ ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसायची.

पुढच्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा गल्लीतला केरबा आला. त्याचीही तसलीच भट्टी होती. "पोटात जरा दुखतंय," तो म्हणाला, "पण तसं काय न्हाय."

"तसं काय न्हाय म्हणून मी बी सोडा पीत बसलोतो!" मामा कडाडले. "उद्या सकाळच्या गाडीनं कोल्हापूर. रक्त देऊन याचं."

"उद्या गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाइकाला मी सांगतो. तू गाडीत बस."

सकाळी केरबाला खिडकीशी बसवून मामांनी त्याची वाट अडवली आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं मज्जारज्जू, पेशी, हुकूम, शिसं सगळं समजावून सांगितलं. त्यातलं निम्मं चुकीचं होतं. मागच्या बाकावरच्या सौंदर्यानं दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण केरबा मान हलवत ऐकत होता, म्हणून तिनं कंडक्टरला हाक मारून तिघांची तिकिटं काढली.