खालचा आवाज

मावशीने कोटाच्या बाहीची शिवण उसवायला कात्रीचं टोक घातलं आणि तिचा हात तसाच थांबला. पलीकडच्या खोलीत भाची बाळाला झोपवत गाणं म्हणत होती. शब्द तेच होते, धुक्यातून होडी वल्हवत घरी निघालेल्या माणसाचे. पोरीचा सूरही पक्का होता. तरी काहीतरी चुकत होतं, आणि काय ते कळलं तेव्हा मावशीने कात्री मांडीवर ठेवून दिली.

भाची गाण्याची चाल गातच नव्हती. ती खालचा आवाज गात होती.

मावशीचं कपडे अल्टर करण्याचं छोटंसं दुकान होतं. भाचीच्या बाळंतपणासाठी ते बंद ठेवून ती इथे आली होती, पण हात स्वस्थ बसत नव्हते, म्हणून घरातल्या प्रत्येकाचे कपडे तिने बळेच उसवायला घेतले होते. तरुणपणी ती आणि तिची ताई, म्हणजे भाचीची आई, कामगार क्लबाच्या समूहगानात गायच्या. तिथले सर प्रत्येक गाणं दोन आवाजांत बसवायचे. वरच्या आवाजाकडे गाण्याची चाल, लोक घरी जाताना गुणगुणतात ती. खालच्या आवाजाने तिच्या आधाराला राहायचं. ती वर चढली की आपण जागा धरून बसायचं, ती थांबली की जरा सरकायचं. एकटा ऐकला तर त्या आवाजाला ना शेंडा ना बुडखा. दोन्ही एकत्र आले की मात्र ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हायचा. चाल ताईकडे गेली आणि खालचा आवाज धाकटीकडे. खिडकीजवळचा पलंगही ताईचाच होता, त्यामुळे धाकटीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेजारी चाल चालू असताना आपला आवाज टिकवणं हे खायचं काम नाही. कान सारखा तिकडे ओढ घेतो. ताईच्या मागे जायचं नाही, हे धाकटीने स्वतःला इतकं घोटून शिकवलं की पुढे पुढे तिला जायचं म्हटलं तरी जाता येईना.

मग ताई आजारी पडली आणि गेली. भाची तेव्हा शाळेतही जात नव्हती. झोपताना ती आईचं गाणं मागायची आणि मावशी म्हणायची. ती गायला लागली की तिच्या कानात ताई वरून गायचीच, रोज, अगदी स्पष्ट. पोरीला ती ऐकू येत नसेल हे मावशीच्या कधी ध्यानातच आलं नाही. भाची मोठी झाली, पण घरात कधी गायली नाही. आता बाळ झालं तेव्हा तिचा कंठ फुटला, आणि मावशीला ते गाणं पहिल्यांदाच बाहेरून ऐकू आलं.

दुपारी जावई जेवायला आला. तो बस चालवायचा, आणि बसमधल्यासारखंच मोठ्याने बोलायचा.

"मावशी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते विचारल्यावर ठरवू."

"हे गाणं पुढे का जात नाही? सारखं तिथल्या तिथे घुटमळतं. पार्किंगला जागा शोधणाऱ्या गाडीसारखं."

मावशीला हसू आलं, कारण त्याचं अगदी बरोबर होतं. पण भाची हसली नाही. तिने त्याच्या पानात वाढता वाढता हात मागे घेतला.

"आईचं गाणं आहे ते. माझ्याकडे तिचं तेवढंच आहे. त्याच्यावरून चेष्टा नको."

जावयाने कान पकडले आणि तो मुकाट्याने जेवला. मावशीचा घास मात्र तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

तो कामावर गेल्यावर मावशीने भांडी घासायला घेतली, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाच्या आडून चाल गाऊन पाहिली. सुरुवात जमली. होडी किनारा सोडते तिथे चाल वर जाते, आणि नेमकी तिथे ती घसरून आपल्या जागी आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आयुष्यभर जिच्या खाली उभी राहिली ती चाल तिला गाता येत नव्हती. ताईचा आवाज कुठल्या टेपवर नव्हता, सर केव्हाच वारले होते. तिला भीती वाटली. तिच्यापाशी नसेल तर मग ती चाल कुणापाशीच नव्हती.

मूग गिळून बसणं सोपं होतं. पोरीने आपलं गाणं जपलं होतं, ते जपू दिलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? तिने एक पातेलं गरजेपेक्षा जास्त घासलं. पण रोज ताईच्या नावावर आपला आवाज खपवायचा, हे तिच्या घशाखाली उतरेना. तिने हात पुसले आणि ती भाचीच्या खोलीत गेली. भाची लंगोटांच्या घड्या घालत होती.

"तू म्हणतेस ना, ते आईचं नाही गं."

"काय?"

"गाणं तेच आहे. पण तुझी आई वरचं म्हणायची. तू म्हणतेस ते माझं. तुला मीच शिकवलं ते. मला कळलंच नाही."

भाचीने घडी पूर्ण केली आणि ढिगावर ठेवली.

"म्हणजे इतकी वर्षं मी आईचं म्हणून तुझंच म्हणतेय."

"हो."

"मग आईचं म्हणून दाखव."

"येत नाही मला. आत्ताच करून पाहिलं."

भाचीने सगळ्या घड्या मोडल्या आणि ती त्या पुन्हा घालायला लागली. मावशी दारातच उभी राहिली. आत जावं की बाहेर, तिला कळेना. ती या पोरीच्या तापात जागली होती, तिला सायकल शिकवली होती, पण इतकं अवघडल्यासारखं तिला कधी झालं नव्हतं.

मग बाळ रडायला लागलं. भाचीने उचललं, खांद्यावर घेतलं, आणि रडणं थांबेना तेव्हा येत होतं तेच गायला लागली. नाखुशीने, आवाज खाली ठेवून.

मावशीने तोंड उघडलं ते बाळाला चुचकारायला. पण खाली आपली जागा कुणीतरी घेतलेली होती, तिथे घसरायला वावच नव्हता, आणि होडीने किनारा सोडला तशी ती वर गेली. आवाज फाटला, पण सूर तोच होता. भाची एकदम गप्प झाली. मावशीचंही तिथेच तुटलं.

"थांबू नकोस," मावशी म्हणाली. "तू थांबलीस की मला सापडत नाही."

भाचीने पुन्हा सुरुवात केली. या वेळी मावशी शेवटपर्यंत गेली. दोघींच्या आवाजात बाळ कधी शांत झालं ते त्यांनाही समजलं नाही. गाणं संपलं तेव्हा भाचीचे डोळे भरले होते आणि ती ते लपवतही नव्हती.

"आई असं म्हणायची?"

"तुझी आई छान म्हणायची. हे माझं भसाडं झालं."

"आणि तू कुठे असायचीस?"

"तू आत्ता होतीस तिथे."

भाचीने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. जरा वेळ ती मनातल्या मनात म्हणत ओठ हलवत राहिली, मग म्हणाली,

"चुकले तर हसायचं नाही. आता खालचं तू म्हण."

मावशी पलंगाच्या कडेला बसली. तिने खालून सुरुवात केली आणि नेहमीच्या सवयीने वरच्या आवाजाची वाट पाहिली. तो या वेळी कानातून नाही, खोलीतून आला.