सहा बेल्टांची गाडी

मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला घरात माणूस नव्हता, म्हणून मी जमालुद्दीनला वर बोलावलं. जमालुद्दीन इथं बहरीनमध्ये आमच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर. संध्याकाळी सित्राच्या प्लांटवरून निघतो, एकेकाला आपापल्या बिल्डिंगखाली टाकत येतो आणि उम्म अल हस्समला मी शेवटचा उतरतो. चहाचं आमिष दाखवल्यावर आला बापडा. मी हॉलमधला सोफा भिंतीला लावला होता, टीपॉय बाल्कनीत टाकला होता आणि पिवळ्या चिकट टेपचं भेंडोळं घेऊन उभा होतो.

"क्या बन रहा है, गोपीभाई?"

"गाडी."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू उन्हानं माझं डोकं फिरलंय. मग मी त्याला सगळं समजावून सांगितलं. अमेरिकेत मोटरहोम म्हणून एक गाडी भाड्यानं मिळते. आपल्या बसएवढी. आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास, सगळं. आम्ही घरचे सगळे त्यात बसून सॅन दिएगोपासून पोर्टलंडपर्यंत जाणार. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला डोंगर, आणि वर जाऊन अशी झाडं की त्यांच्या बुंध्यात आपली बस उभी राहील.

"घर भी साथ, गाडी भी साथ," जमालुद्दीन टोक धरून म्हणाला. "फिर आदमी वापस किसलिये आयेगा?"

"ड्युटीसाठी," मी म्हटलं. दोघं हसलो. पण टेप लावून झाली तेव्हा तोही उभा राहून बघत होता. हॉलच्या फरशीवर टेपच्या रेघांची गाडी तयार झाली होती. ड्रायव्हरच्या शेजारच्या जागी मी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. ती माझी जागा. नकाशा घेऊन बसणार मी, गाडी चालवणार प्रज्योत.

प्रज्योत माझा मुलगा, पोर्टलंडला असतो. श्रावस्ती मुलगी, ती जावयाबरोबर, म्हणजे उज्ज्वलबरोबर, सॅन दिएगोला. दोघं एकाच किनाऱ्यावर, पण भेट वर्षा-दोन वर्षांतून. माझी बायको कुसुम बाळंतपणासाठी लेकीकडे गेली ती तिकडेच अडकली. नात झाली ना! आता आमच्याकडे आज्यांची शिफ्ट ड्युटी असते. सहा महिने आईची आई, मग सहा महिने बापाची आई. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. म्हणून इकडे मी एकटा. डबा आणतो, टीव्ही लावतो, टीव्हीवर ओरडतो. टीव्ही उलट बोलत नाही, हेच वाईट.

ट्रिपची टूम प्रज्योतची. सप्टेंबरात त्याची बदली सिंगापूरला होणार. "पप्पा, लास्ट चान्स," तो म्हणाला, "नंतर ऑल ऑफ अस टुगेदर, नॉट इझी." मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला. अहो, तीस वर्षं बहरीनमध्ये काढली मी. इथं घटकाभर सरळ गाडी हाणली की समुद्र आडवा येतो. वळा आणि परत या. मला एकदा न वळता जायचं होतं, आणि माझ्या माणसांबरोबर जायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

गाडी मीच शोधली. तिकडं कायदा कडक, जेवढी माणसं तेवढे बेल्ट. प्रज्योत, श्रावस्ती, उज्ज्वल, कुसुम, नातीची बेबी-सीट आणि मी. सहा बेल्टांची गाडी. मग मी आमच्या प्लांटमध्ये कामं लावतो तशी सगळी कामं लावून दिली. पाणी कुणी भरायचं, गॅस कुणी बघायचा, संडासाची टाकी कुणी रिकामी करायची. त्या टाकीवरून पोरं "ईऽऽ" करायला लागली. मी म्हटलं, ती माझी. आमच्या आज्यानं गावाची घाण उपसली ती जबरदस्तीनं. ही माझ्या घरची, मी हसत करीन. मग श्रावस्ती म्हणाली, "ओके पप्पा, इट्स ऑल युवर्स," आणि सगळे हसले.

एक नियम मात्र मी सगळ्यांकडून वदवून घेतला. आमच्या प्लांटमध्ये सफाईला टाकीत माणसं उतरली की दारावरचा माणूस तोंडानं मोजतो. आत किती, बाहेर किती. मनातल्या मनात मोजलेलं चालत नाही. तसंच गाडी हलवायच्या आधी बेल्ट मोठ्यानं मोजायचे. "सहा झाल्याशिवाय गिअर टाकलास ना प्रज्योत, तर बघ!"

"येस बॉस," प्रज्योत म्हणाला.

भीमजयंतीच्या कार्यक्रमात, शुक्रवारी, भाड्याच्या हॉलमध्ये जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटलो. आमचा सदानंद, प्लॅनिंगमध्ये आहे, तो म्हणालासुद्धा, "गोपीनाथराव, बोर्डिंग पास हातात येईपर्यंत बोलू नका. दृष्ट लागते." मी त्याला म्हटलं, तू बौद्ध आहेस की कोण? दृष्टबिष्ट काय लावलंस?

दृष्ट नाही लागली. शटडाऊन लागलं.

शटडाऊन म्हणजे आख्खा प्लांट बंद करून आतून-बाहेरून दुरुस्त करायचा. तेव्हा कुणालाही रजा नाही, अगदी बाप मेला तरी आधी विचारावं लागतं. आमचं होतं ऑक्टोबरात, ते एकाएकी जुलैत ओढलं. रहिमतुल्लासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, आणि खुर्ची दिली तेव्हाच मी समजलो. मी तापट माणूस, सित्रात कुणालाही विचारा. मी बोललो जे बोलायचं ते. साहेबांनी ऐकून घेतलं. "गोपीनाथ, मैं क्या करूँ?" एवढंच म्हणाले. खलास.

घरी येऊन व्हिडिओ कॉल लावला. कसं सांगावं याचीच मला धास्ती. श्रावस्ती रडेल, प्रज्योत चिडेल, कुसुम माझ्या कंपनीचा उद्धार करील. घसा खाकरून मी सांगितलं, की रजा कॅन्सल झाली.

"ओह," प्रज्योत म्हणाला.

"इट्स ओके पप्पा. वी विल मॅनेज," श्रावस्ती म्हणाली.

"मले वाटलंच होतं," कुसुम म्हणाली. "तुम्ही जेवले का?"

आणि पुढच्या मिनिटाला त्यांचं सुरू झालं. मग पुढे कोण बसणार, वरच्या पलंगावर कोण, टाकी उज्ज्वल करील का. मी फोन हातात धरून बसलो होतो आणि माझ्याशिवायची गाडी माझ्यासमोर जुळत होती. अरे, एकदा तरी चिडा ना! एक शिवी तरी घाला त्या कंपनीला! पण चिडतील कशाला? त्यांना सवय होती. दर जुलैत इथली, ईसा टाउनची शाळा सुटली की मी तिघांना गावी जायला विमानतळावर सोडायचो, "शटडाऊन संपलं की मागून येतो" म्हणायचो, आणि कधी जायचो, बहुतेकदा नाही जायचो. पहिल्या वर्षी प्रज्योत ट्रॉलीला धरून रडला होता. पुढे पुढे तो रडायचा थांबला. तेव्हा मला बरं वाटलं होतं, पोरगा समजदार झाला म्हणून.

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. जेवलो नाही. कुसुमला सांगितलं जेवलो.

दोनेक आठवड्यांनी कुसुमचा फोन आला. आवाजात साखर घोळलेली, म्हणजे काहीतरी आहे हे मी ओळखलं. उज्ज्वलची आई, आमच्या विहीणबाई, अकोल्याहून आल्या होत्या. रिलीव्हर. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून जरा आधीच आल्या. "आता त्यायले एकट्या घरात ठेवून आपण कसं जायचं हो? तुमची जागा खालीच होती, म्हणून..."

"म्हणून काय, न्या की! विचारायचं काय त्यात?" मी म्हटलं. मनापासून म्हटलं. जागा रिकामी जाण्यापेक्षा बरं. टेप मात्र मी काढली नाही. रोज घरी आल्यावर गाडीच्या दाराच्या खुणेतूनच आत जायचो, खुर्चीत बसून डबा खायचो. तेवढ्या भागात घर जरा भरल्यासारखं वाटायचं.

आणि मग जून संपता संपता रहिमतुल्लासाहेबांनी पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची दिली नाही, उभ्या उभ्याच हसले. "मुबारक हो. जहाज लेट है, माल नहीं आया. शटडाऊन वापस ऑक्टोबर. तुम्हारी छुट्टी पक्की. यल्ला, चलो, बॅग भरो!"

मी काय केलं माहीत आहे? मी साहेबांना मिठी मारली. त्या दिवशी बसमध्ये सगळ्यांना माझ्या पैशानं समोसे. जमालुद्दीननं मला बिल्डिंगखाली सोडताना हॉर्न वाजवला. जिना मी उड्या मारत चढलो, माझ्या गुडघ्यांना विचारा कसा. विहीणबाईंचं ध्यानातच नव्हतं हो! खरं सांगतो, आनंदात ती बाई माझ्या डोक्यातून पार गेली होती. दार उघडलं, चप्पल न काढता खुर्चीत बसलो आणि कॉल लावला.

फोन विहीणबाईंनीच उचलला. स्क्रीनभर त्यांचा चेहरा, डोक्याला लोकरीची टोपी.

"जय भीम, भाऊ! ही पाहा टोपी. सुनेनं घेऊन दिली, वर समुद्राकाठी थंडी असते म्हणे. आन् हे बूट." त्यांनी फोन खाली करून पांढरे बूट दाखवले. "घरात घालून फिरून राहिली मी, पाय रुळले पायजेत म्हणून."

"छान आहेत," मी म्हटलं.

"तुमची जागा मी घेतली, राग नका मानू. अंगणवाडीतली पोरं सांभाळण्यात जन्म गेला माझा. हे गेले तेव्हा उज्ज्वल चार वर्षांचा. कुठं गेली नाही मी, भाऊ. समुद्र पाह्यला तो विमानाच्या खिडकीतून. कुसुमताई म्हणतात पुढं बसा, तुमाले गाडी लागते. पुढून सारं दिसते म्हणे?"

"पुढून सगळं दिसतं," मी म्हटलं. "उजवीकडे डोंगर, डावीकडे समुद्र. तुम्ही डावीकडे बघत राहा."

तेवढ्यात प्रज्योतचा आवाज आला. तोही पोर्टलंडहून, स्क्रीनच्या दुसऱ्या चौकटीत, कॉलवर होता. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "अरे, याहून मोठी गाडी मिळते का रे?"

"नो पप्पा, जुलै सोल्ड आउट. का?"

"काही नाही. विचारलं."

बोललो असतो तर काय झालं असतं, ते मला ठाऊक होतं. घरात कुजबुज झाली असती, उज्ज्वलचा चेहरा पडला असता, आणि ती बाई स्वतःच टोपी काढून म्हणाली असती, मी थांबते, भाऊला न्या. तिला तसं म्हणायची सवय असणार. आणि नुसतं सॅन दिएगोला जाऊन रिकाम्या घरात बसायचं, तर उम्म अल हस्सम काय वाईट आहे?

कुसुम स्क्रीनवर आली. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "आज आंग धुतलं नाही, अन् एवढ्या घाईनं फोन. काही सांगायचं होतं का?"

"काही नाही ग."

"रजेचं काही झालं का?"

"रजा मफी, नाही म्हणजे नाही," मी म्हटलं. "तू जा. नातीला थंडी वाजू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि माझी रजा कॅन्सल करा म्हणालो. रहिमतुल्लासाहेबांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत रजा मागायला, भांडायला, रडायला माणसं आली होती, परत द्यायला कुणी आलं नव्हतं. "वजह?" त्यांनी विचारलं.

"गाडी में जगह नहीं है, साहब."

त्यांना काही कळलं नाही. पण ते शहाणे आहेत, पुढे विचारलं नाही. ऑक्टोबरात शटडाऊन, त्यानंतर माझी निवृत्ती. ती रजा आता पैशाच्या रूपानं मिळेल.

ते निघाले त्या दिवशी त्यांची सकाळ आणि माझी संध्याकाळ होती. मी ड्युटीवरून येऊन फरशीवरच्या गाडीत माझ्या खुर्चीवर बसलो होतो. प्रज्योतनं फोन समोर काचेला लावला, त्यामुळे मला रस्ता नव्हे, सगळ्यांचे चेहरे दिसत होते. पुढे विहीणबाई, टोपी घालून. मागे कुसुम, श्रावस्ती, उज्ज्वल, आणि बेबी-सीटमध्ये नात, तिची मूठ तोंडात. सगळे एका चौकटीत. हे बघायलाच तर मला जायचं होतं.

"तिकडं लई काम असेन ना?" कुसुमनं मागून विचारलं. "शटडाऊन कसं चाललं?"

"जोरात," मी म्हटलं. "प्रज्योत, बेल्ट मोजलेस का?"

"ओ येस. सॉरी बॉस." तो मागे वळला आणि एकेकाकडे बोट दाखवत मोठ्यानं मोजायला लागला, लहानपणी पाढे म्हणायचा त्या सुरात. "वन. टू. थ्री. फोर. फाइव्ह." शेवटी त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "सिक्स."

मग त्यानं माझ्याकडे बघितलं, हसला, आणि माझ्यासाठी मुद्दाम मराठीत म्हणाला, "सगळे आले, पप्पा. निघू?"

"यल्ला," मी म्हटलं.