गप्प केलेलं चाक

उताराच्या नाक्यावर सकाळपासून गाड्यांची लांबच लांब रांग लागली होती. भाड्याच्या मोटारी, दूधवाल्याचा टेम्पो, शाळेची गाडी. तक्रार सगळ्यांची एकच, चाक रडतंय. रांगेच्या तोंडाशी शांतीमहाराज. ते चाकाभोवती काळा पडदा बांधायचे, पिशवी घेऊन आत शिरायचे आणि पाऊण तासाने घाम पुसत बाहेर यायचे. मग गाडी एक फेरी मारून यायची. किर्रर्र आवाज गायब! बघे टाळ्या पिटायचे आणि मागची गाडी पुढे सरकायची.

“या उतारावर किती जण गेले, मोजलेत कधी?” महाराज विचारायचे. “कुठे जाणार बिचारे? चाकात शिरतात, रडतात. मी त्यांची समजूत घालतो. पडद्यात डोकावू नका हं. एखादा मानगुटीवर बसला, तर मग मी जबाबदार नाही!”

गाडी जॅकवर चढवून चाक पान्याने खोलल्याशिवाय एकाही भुताची समजूत पटत नाही, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गर्दीच्या कडेला मिस्त्री उभा होता. नाक्याखाली त्याचं गॅरेज. तीन महिन्यांपूर्वी त्याचा जावई भाड्याची गाडी घेऊन याच उतारावरून निघाला, तो घरी आलाच नाही. लोक म्हणाले, नशीब. महाराज म्हणाले, श्रद्धा कमी पडली. काल भंगारवाल्याने ती गाडी तोडायला घेतली, तेव्हा मिस्त्रीने तिची पुढची चाकं स्वतः खोलली. आत जे सापडलं, ते आता त्याच्या खिशात होतं. आणि आज इथे, पडद्याजवळ त्याची लेक हात जोडून उभी होती. नवऱ्यामागे ती शाळेची गाडी चालवत होती. तासाभरात चौदा मुलं घेऊन तिला उतार उतरायचा होता.

पडदा सुटला. लेक फेरी मारून आली, खाली उतरली आणि रडायलाच लागली. “शांत झाले हो, अण्णा! महाराज म्हणाले, ह्यांचाच जीव होता चाकात. रोज वळणावर ओरडायचे. मला ऐकवत नव्हतं.”

“किल्ली दे,” मिस्त्री म्हणाला.

“कशाला?”

“त्याची गाडीही इथेच शांत झाली होती ना? त्यानंतर किती दिवस चालली?”

लेकीचे ओठ हलले. “एकवीस.” तिने किल्ली पुढे केली.

“काय मिस्त्री, धंदा बसला म्हणून पोटात दुखतंय का?” महाराज हसले. गर्दीही हसली.

भर उन्हात, सगळ्यांसमोर मिस्त्रीने चाक उतरवलं आणि ब्रेकचे पॅड काढून हातावर ठेवले. शेजारी गॅरेजातून आणलेला एक नवा पॅड ठेवला.

“नीट बघा. नव्याचं अस्तर बोटभर जाड. ब्रेक दाबला की हे चाकामागच्या तबकडीला घासतं, म्हणून गाडी थांबते आणि म्हणूनच हे झिजतं. ही बाजूची पोलादी पट्टी दिसली? अस्तर दोन नाण्यांइतकं पातळ झालं की ही पट्टी तबकडीला लागते आणि किंचाळते. मुद्दाम बसवलीय ती, पॅड बदला म्हणून सांगायला. आता हा पोरीच्या गाडीतला पॅड बघा. अस्तर नखाएवढं उरलंय. आणि पट्टी?”

पट्टीच्या जागी ताजा कापलेला तुकडा चकाकत होता.

दूधवाला पुढे झाला आणि त्याने महाराजांची पिशवी उपडी केली. एक पक्कड पडली. तिच्यामागोमाग खळकन पोलादी पट्ट्यांचा ढीग पडला. एकेक पट्टी म्हणजे एकेक गाडी, आणि त्यातल्या कितीतरी तेव्हा उतारावर धावत होत्या. कुणी हसलं नाही. दूधवाल्याने महाराजांची गचांडी धरली.

“आणि हे मला शिकवलं कुणी?” महाराज ओरडले. “सांग ना, मिस्त्री! पूर्वी शहरात एकाच गॅरेजात होतो आपण!”

मिस्त्रीने मान खाली घातली. “मी शिकवलं. गिऱ्हाईक घाईत असायचं, पॅड यायला दोन दिवस लागायचे. मी पट्टी कापायचो आणि सांगायचो, आठ दिवसांत या. पण आवाजच बंद झाल्यावर परत कोण येतंय? ह्याने त्याच्यावर पडदा टाकला, एवढंच.”

लेक बापाकडे बघतच राहिली. त्याने खिशातून भंगारातले दोन पॅड काढून तिच्या हातात ठेवले. “त्याच्या गाडीचे.” त्यांवर अस्तर नव्हतंच, नुसतं खरवडलेलं लोखंड होतं.

“म्हणजे चाक ओरडत होतं, ते ह्यांना वाचवायला?”

“हो.”

“मीच म्हटलं होतं ह्यांना,” ती हळूच म्हणाली. “त्या आवाजाने बाळ दचकून उठतं, महाराजांकडे जाऊन या.”

मिस्त्रीने तिच्या खांद्याकडे हात नेला. ती बाजूला सरकली.

“नवे पॅड बसवा, अण्णा. दोन्ही चाकांना. आज मुलं पायी जातील.” ती शाळेच्या दिशेने चालू लागली. ते पॅड तिच्या मुठीतच होते.

महाराजांना पोलिसांच्या हवाली केलं, रांग गॅरेजकडे वळली. पण पिशवीतल्या काही पट्ट्यांच्या गाड्या सापडल्याच नाहीत. म्हणून सांगणं एवढंच. चाक किंचाळलं तर ते पडद्याआड नेऊ नका, उजेडात खोला आणि अस्तर किती उरलंय ते बघा. जो नुसता आवाज बंद करून देतो, त्याला विचारा की आवाज येत कशामुळे होता. मग तो महाराज असो, नाहीतर घाईतला मिस्त्री. गेलेली माणसं चाकात येऊन बसत नाहीत. बसत असती, तर त्या लेकीने ते चाक कधीच गप्प होऊ दिलं नसतं.